बोल

सकाळी सातला फोन येतो, एव्हिसचा.
"काल रात्री तो 'नॅरो' म्हणाला.
तीनदा. म्हणजे काय गं?"
कुठे होतात तेव्हा, मी विचारते.
"न्हाणीघराच्या दारात. खुर्ची आत ढकलत होते."
मग बरोबर आहे त्याचं.
नॅरो म्हणजे बाहेरून पुरेशी जागा घेतली नाहीस,
बोल लवकर आत वळला.
"बोल नव्हता गं, त्याचं कोपर होतं."

जूनमध्ये लॉर्नचे बोल गेले.
डोक्यात डावीकडे एक शीर फुटली
आणि पाव, पाणी, पायमोजे, दोन्ही मुलींची नावं
गेली.
डॉक्टरीणबाईंनी चित्रं दाखवली,
मांजर, किल्ली, छत्री.
छत्रीवर बोट ठेवून तो ठामपणे म्हणाला,
"डिच."

हिरवळीवरचे शब्द तेवढे उरले.
कुठल्या फडताळात निराळे ठेवले होते, कोण जाणे.

मी त्याच्या संघातली लीड, एकतीस हंगाम.
मॅट मी अंथरायची, जॅक मी सोडायचा,
पहिला बोल माझा.
तो स्किप, पलीकडच्या टोकाला,
समुद्राच्या वाऱ्यात टोपी धरून
तळहाताने सांगणारा: इतकी कमी, इतकी जास्त.
एकतीस वर्षं आमच्यामध्ये
तीसेक मीटर कापलेलं गवत.
एव्हिस क्लबात कधी आली नाही.
गवताने तिला शिंका येतात.

तिला मी समजावते फोनवर:
प्रत्येक बोलाला कल असतो, घडवतानाच दिलेला.
सरळ तो जाऊच शकत नाही.
वेग सरत आला की कलतो,
दमलेला माणूस आपल्या खुर्चीकडे वळावा तसा.
छोटं वर्तुळ आतल्या बाजूला धरायचं.
उलटं धरलंस तर बोल शेजाऱ्यांच्या डावात,
आणि सगळे हसतात.
"म्हणजे उलटा कल," ती म्हणते,
"आज डावा बूट उजव्या पायात घातला मी, तेव्हा ओरडला."

ती रोखून विचारते, दुखतंय का, कुठे दुखतंय.
तो म्हणतो, "मोअर ग्रास."
अजून गवत घे.
लांबून ये, एव्हिस. आधी हवेचं बोल,
सीगलने डबा पळवला ते सांग,
मग वळ.

ऑगस्टमध्ये एकदा रात्री दोनला फोन.
ती रडत होती.
"उठून बसला आणि म्हणाला, डेड एंड."
मी अंधारात दिव्याचं बटण शोधत म्हटलं,
अगं, ते तसं नाही.
एंड म्हणजे एक डाव.
जॅक हद्दीबाहेर उडाला की डाव मेला,
त्याचे गुण कुणालाच नाहीत.
दोन्ही बाजू आपापले बोल गोळा करतात
आणि तोच डाव पुन्हा खेळतात.
"पुन्हा?"
हो, पहिल्यापासून.
बराच वेळ ती काही बोलली नाही.
नियम खरा होता.
त्याला तोच म्हणायचा होता का,
हे मला ठाऊक नव्हतं. अजून नाही.

सप्टेंबरअखेर क्लब उघडला.
नवा स्किप बरा आहे, फार हातवारे करतो.
माझा एक बोल जॅकला हलकेच लागून
तसाच पुढे चरात पडला.
मी खाली उतरून त्यावर खडूची खूण केली:
टचर.
जॅकला शिवलेला बोल
चरात पडला तरी जिवंत धरतात.
ही संज्ञा एव्हिसने मला कधी विचारली नाही.
लॉर्न घरी ती म्हणत नसेल.

आता फोन कमी झालेत.
परवा मीच केला.
"आज हेवी होता जरा," ती सहज म्हणाली,
"सूप सांडलं. मी म्हटलं, अरे, वेग कमी कर."
मागून त्याचा आवाज आला, एक शब्द.
मला ऐकू आला नाही.
ती हसली, त्याला काहीतरी म्हणाली,
मग मला: "थांब हं, नंतर करते."

खडू पँटच्या खिशातच राहिला होता.
धुण्यात विरघळला.
निळ्या कापडावर पांढरा डाग आहे,
दोनदा धुतला.